घंटेसाठी वैर

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली वॉबाश आणि डीपॉ ही छोटी कॉलेजं १८९०पासून अमेरिकन फुटबॉलमध्ये एकमेकांना भिडत आली आहेत. १९३२पासून विजेत्याला मिळते मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची, सुमारे ३०० पौंडांची घंटा. ती पळवण्याचे पराक्रम सामन्यांइतकेच गाजले. १९६५मध्ये वॉबाशच्या एका विद्यार्थ्याने मेक्सिकोहून आलेला पाहुणा असल्याची बतावणी केली, थेट डीपॉच्या अध्यक्षांकडूनच घंटेचा ठावठिकाणा काढून घेतला आणि मग घंटा गायब झाली! अशी खोडी काढायला जीव लावलेला असावा लागतो. इथला खेळाडू गॅलरीतल्या मुलांचा वर्गमित्रच असतो, म्हणून टोमणेही मनापासूनचे. दोन्ही कॉलेजं अमेरिकी कॉलेज-खेळांच्या ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही; त्यामुळे खेळाडूही इतरांसारखाच एक विद्यार्थी असतो.