वर्गणीची वीज

भाईंदरच्या मिठागरांत ऊन हाच कच्चा माल. पावसाळा सरला की खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं आणि पुढच्या जूनपर्यंत ते आटवत राहायचं. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकतात तेही त्याच उन्हावर. उन्हातून चार पैसे काढणं या भागाला कोणी शिकवायला नको. प्रश्न आहे तो आधी वर्गणी काढून ऊन विकत घेण्याचा, आणि तेही कॉलेजच्या मुलांनी.

अमेरिकेत मुलांनी हे केलं. 2000 साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील विद्यार्थ्यांनी मतदान करून दर सत्राच्या फीमध्ये स्वतःहून एक डॉलर वाढवून घेतला. त्या पैशातून पवनऊर्जा विकत घ्यायची होती. पुढच्याच वर्षी कनेक्टिकट कॉलेजच्या मुलांनी वर्षाला 25 डॉलर द्यायचं ठरवलं. 2007 मध्ये बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी मतदानाने हरित निधी उभा केला. कोणता प्रकल्प घ्यायचा हे ठरवणाऱ्या समितीतही विद्यार्थी होते. फीवाढीविरुद्ध मोर्चे काढण्याच्या वयात मुलांनी फीवाढीला मत दिलं, हे वाचून आपल्याकडचे प्राचार्य सुखावतील. त्यांनी जरा थांबावं.

थेंबे थेंबे भांडवल जमवणं मराठी माणसालाही नवं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढायचा, एवढीच कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. तिथे शिकून बाहेर पडलेले कारागीर पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेले. पैसा देणाऱ्याला त्यातून व्याज मिळालं नाही; पण आपला पैसा कुठे गेला हे त्याला ठाऊक होतं.

ऊर्जेच्या बाबतीत असाच हिशेब पवईत मांडला गेला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने 2014 च्या सुमारास खेड्यांतल्या शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांची मोहीम सुरू झाली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा इथल्या मुलांनी 120 रुपये भरून अभ्यासाचा दिवा घेतला. दिव्याची खरी किंमत सुमारे चौपट. उरलेली रक्कम देणगीदार आणि सरकारी निधीतून आली. दिवे जोडले, विकले आणि दुरुस्त केले ते गावातल्याच माणसांनी. फुकट मिळालेला दिवा बिघडला की माळ्यावर जातो. 120 रुपये भरलेले पालक तो दुरुस्त करून मागतात. पुढे 2016 मध्ये केंद्र सरकारने 70 लाख दिव्यांची योजना आखली, तेव्हा त्यातही मुलांचा 100 रुपयांचा वाटा ठेवला होता.

त्याच आयआयटीतल्या आणि रचना संसदच्या वास्तुकला अकादमीतल्या विद्यार्थ्यांनी ‘टीम शून्य’ म्हणून सौरऊर्जेवर चालणारं घर बांधून 2014 मध्ये व्हर्सायच्या स्पर्धेत नेलं. कौतुक भरपूर झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र 120 रुपयांच्या दिव्यात जास्त रस आहे, कारण मिरा रोडच्या कॉमर्स कॉलेजला त्यातूनच काही घेता येईल.

इथली बहुतेक कॉलेजं खाजगी, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. आवार म्हणावं असं फारसं नाही; चार-पाच मजल्यांची इमारत, पुढे पार्किंग, वर गच्ची. मुलं लोकलने आणि रिक्षाने येतात, संध्याकाळी क्लासला पळतात. वीज अदानीची किंवा टाटा पॉवरची, म्हणजे मुंबईच्या उपनगरांसारखीच. घरगुती ग्राहकांना 2024 पासून सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं. कॉलेजला ते नाही. कॉलेजच्या बाजूने एक गोष्ट आहे: वर्ग, पंखे, संगणक चालतात ते दिवसा, ऊन असतानाच. मे महिन्याच्या सुट्टीत वीज उरलीच, तर नेट मीटरमुळे ती जमा राहते आणि जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत बिलातून वळती होते.

आता आकडे. दोन हजार विद्यार्थी आणि वर्षाला प्रत्येकी तेच 120 रुपये धरू. जमा झाले 2 लाख 40 हजार. किलोवॉटमागे अंदाजे 50 हजार खर्च धरला तर वर्षाला जवळपास पाच किलोवॉट बसतील, गच्चीवर 500 चौरस फुटांच्या आसपास. आपल्या हवेत एक किलोवॉट वर्षाला साधारण 1300 ते 1400 युनिट देतो; पाचांचे झाले साडेसहा हजारांच्या वर. युनिटला दहा रुपये धरले तरी पहिल्याच वर्षी बिलातले 65 हजार वाचतात. ते निधीत परत आले तर पुढच्या वर्षी पाचऐवजी सहा किलोवॉट घेता येतील. खाऱ्या हवेने सांगाडे गंजतात आणि शहरभर चाललेल्या बांधकामांची धूळ पॅनलवर बसते, म्हणून धुण्याचं काम नियमित लागेल. एनएसएसच्या मुलांना वर्षाला 120 तास भरायचेच असतात. भाऊराव पाटलांच्या रयतमध्ये ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुलांचे श्रम ही संस्थेची पुंजीच होती.

अडतं ते दुसरीकडे. वाचलेले 65 हजार कोणाच्या खात्यात जाणार? बिल संस्थेचं, म्हणून बचतही संस्थेची असा साधा हिशेब लागला, तर मुलांनी आणखी एक फी भरली, इतकंच. वर नॅकच्या मूल्यांकनात पर्यायी ऊर्जेचा रकाना असतोच. मुलांच्या पैशावर संस्थेला गुण मिळतील. राज्यात देणगी-शुल्काला बंदी घालणारा कायदा 1987 पासून आहे, व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. म्हणून अशी वर्गणी ऐच्छिकच हवी, आणि प्रवेशाच्या खिडकीवर मागितलेली ‘ऐच्छिक’ रक्कम किती ऐच्छिक असते, हे पालकांना विचारावं.

बोल्डरच्या डॉलरमागे मत होतं. आपल्याकडे 1989 मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून खून झाला आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका जाऊन गुणवत्तेवर नेमणुका आल्या. 2016 च्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या, कॉलेजांत त्या रुजल्या नाहीत. मग 120 रुपयांना होकार देणार कोण? प्राचार्यांनी नेमलेला प्रतिनिधी?

पॅनल 25 वर्षं टिकतं, इन्व्हर्टर साधारण दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो आणि पदवी तीन वर्षांत हातात पडते. इन्व्हर्टरचं बिल येईल तेव्हा पहिली वर्गणी देणारी मुलं नोकरीला लागलेली असतील आणि बिल भरणाऱ्यांना कोणी विचारलेलं नसेल. निदान निधीचं स्वतंत्र बँक खातं, त्यावर एका विद्यार्थ्याची सही, दर महिन्याचं युनिट आणि शिल्लक सूचना फलकावर, आणि दर तीन वर्षांनी वर्गणी चालू ठेवायची की नाही यावर गुप्त मतदान, एवढं पहिलं पॅनल चढवण्याआधी लिहून घ्यावं लागेल. यातल्या कशालाच नवा कायदा लागत नाही. संस्थाचालकांची संमती तेवढी लागते.