पाण्यात उभा ऊस तहानलेला कसा?

सभासद बंधूंनो, गिरण्यांच्या निमित्ताने आपल्या घाटावरची कैक कुटुंबे लालबाग-परळला गेली अन् तिथलीच झाली. अशाच एका घरातल्या मुलाच्या शाळेत आम्ही विज्ञानाचा तास पाहिला. बाईंनी आदल्या दिवशी दोन पेल्यांत जेलीच्या गोळ्या भिजत घातलेल्या. साध्या पाण्यातली गोळी फुगून टम्म, मिठाच्या दाट पाण्यातली मात्र फारशी फुगलेली नाही. मग भिजून टरारलेले बेदाणे साखरेच्या घट्ट पाकात टाकले, तर हळूहळू पुन्हा सुरकुतले.

याला परासरण म्हणतात. पातळ पडद्यातून पाणी जास्त विरघळलेल्या द्रावणाकडे ओढले जाते. गोळीला असा पडदा नसतो, तिचे जिलेटिनच पाणी पिते. बेदाण्याचा दाखला अधिक खरा.

आणि उसाची मुळी त्या बेदाण्यासारखीच. निचरा नसताना पाण्यावर पाणी सोडले की क्षार वर येतात. मुळीबाहेरचे पाणी खारट झाले, की सरी भरलेली असूनही मुळीला ते ओढवत नाही. शेंडे करपतात, अन् आपण म्हणतो, "अजून एक पाळी द्या!" मातीच्या अर्काची क्षारता मीटरला ४ डेसीसायमनपुढे गेली की जमीन खारवट धरतात, ऊस मात्र सुमारे १.७ पासूनच उतारा कमी देऊ लागतो.

जिप्समची पोती आणायची घाई नको, ते चोपण जमिनीचे औषध. नुसत्या खारवटीला आधी चर, मग गोड्या पाण्याने धुणे. लागणीआधी, खत टाकण्यापूर्वी मातीचा नमुना तपासून घ्यावा.