मीटर काय सांगतो, काय नाही

आरओच्या मेम्ब्रेनवर पॉलिअमाइडचा लेप असतो, केसाहून कितीतरी पातळ. क्षार अडवतो तो हाच. क्लोरीननं तो खराब होतो, पण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून टीडीएस मीटर. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेच मोजतो. क्षार जास्त, तर आकडा मोठा. आधी नळाचं पाणी मोजा, मग गाळलेलं. ६०० चे ५० झाले, तर मेम्ब्रेन ठीक. ३०० आले, तर आधी टीडीएसचा स्क्रू उघडा आहे का बघा. नसेल तर मेम्ब्रेन गेलं समजा.

जंतू मात्र या मीटरला दिसत नाहीत, हं! आमच्याकडे आकडा ४० होता, तरी लेकाला जुलाब झाले. आतली टाकी बुळबुळीत झाली होती. ती घासली, आणि आठवडाभर पाणी उकळूनच प्यायलो.