पाच किलोचं खोकड, तीस टनांचा लवाजमा

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात किंवा मेरीलँडमध्ये भरणारी खोकडाची शिकार एकदा तराजूत घालून बघू. लाल खोकडाचं वजन साधारण पाच किलो. त्याच्या मागे पन्नास घोडे, प्रत्येकी पाचशे किलोंचे, म्हणजे 25,000 किलो. सत्तर किलोंचे पन्नास स्वार धरले तर आणखी 3,500. तीस किलोंच्या चाळीस शिकारी कुत्र्यांचे 1,200. एकूण 29,700 किलो, म्हणजे खोकडाच्या जवळजवळ सहा हजार पट! सत्तर किलोंच्या माणसामागे याच प्रमाणात कुणी लागलं, तर ते ओझं चारशे टनांच्या वर जाईल. पूर्ण भरलेलं जंबो जेट विमान साधारण तेवढ्या वजनाचं असतं.

आता नाकांचा हिशेब. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात अंदाजे वीस कोटी. चाळीस कुत्र्यांच्या मिळून आठशे कोटी झाल्या. आज पृथ्वीवर माणसंही साधारण तेवढीच आहेत.

हा खेळ परवडण्यासाठी आधी जमीन लागते. व्हर्जिनियात 1747 च्या सुमारास संघटित शिकारीचा पाया घालणाऱ्यांत लॉर्ड फेअरफॅक्सचं नाव घेतात. त्याच्या मालकीची जमीन होती पन्नास लाख एकरांहून अधिक, म्हणजे वीस हजार चौरस किलोमीटरच्या वर. त्याच्याच जमिनीची मोजणी करायला 1748 मध्ये निघालेला सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. या शिकारीचा नाद त्याला पुढे अनेक वर्षं राहिला. 1785 मध्ये फ्रेंच सेनानी लाफाएतने त्याच्यासाठी फ्रान्सहून अटलांटिकपार सात कुत्रे धाडले. सोबतीला होता जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, पुढे अमेरिकेचा सहावा राष्ट्राध्यक्ष झाला तो.

एवढ्या खटाटोपातून हाती काय लागतं? 1905 मध्ये इंग्लिश कुत्रे श्रेष्ठ की अमेरिकन, यावर दोन धनिकांनी प्रत्येकी हजार डॉलरची पैज लावली. व्हर्जिनियात पंधरवडाभर दोन्ही तांडे धावले. मारलेली खोकडं : शून्य. पंचांनी अमेरिकन कुत्र्यांना विजयी ठरवलं. आजही तिथल्या बहुतेक क्लबांत खोकड बिळात शिरलं की पाठलाग संपतो. म्हणजे शिकार हे निमित्त. खरा कार्यक्रम आहे तो जमीन, घोडे आणि फुरसत चारचौघांत मिरवण्याचा.

उपहासकारांनी हे अचूक हेरलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट विशीत आमदार झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला छानछोकी बाबू म्हणून झोडपलं होतं. 1885 मध्ये लाँग आयलंडवरच्या अशाच शिकारीत घोडा कोसळून या बाबूचा हात मोडला, तरी तो पुन्हा स्वार झाला आणि शेवटपर्यंत दौडला. पुढे कादंबरीकारांनाही हा विषय लाभला. 1955 च्या ‘आंटी मेम’ या विनोदी कादंबरीत दक्षिणेकडच्या खानदानी शिकारीची भरपूर रेवडी उडवली आहे. ही कादंबरी न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे टिकली.

या हसण्याला माझी मनापासून दाद आहे. पाच किलोंमागे तीस टन धावतात, तेव्हा सत्तेचं प्रमाण किती सुटलंय हे डोळ्यांना दिसतं. पण घोड्यावरच्या श्रीमंताला हसताना एक माणूस बहुतेक वेळा नजरेआड राहिला. वॉशिंग्टनचे शिकारी कुत्रे सांभाळणारा, कुंपणं आणि झाडी तुडवत त्यांच्या पाठोपाठ घोडा फेकणारा विल्यम ली हा गुलाम होता. वॉशिंग्टनने त्याला 1768 मध्ये विकत घेतलं. किंमत, 61 पौंड 15 शिलिंग. स्वातंत्र्ययुद्धातही तो मालकासोबत होता. पुढे त्याचे दोन्ही गुडघे निकामी झाले.

1799 मध्ये वॉशिंग्टन वारला, तेव्हा माउंट व्हर्नन या त्याच्या वाडीवर 317 गुलाम होते. त्यांपैकी 123 त्याच्या स्वतःच्या मालकीचे. मृत्युपत्राने तत्काळ मुक्ती मिळाली ती एकट्या विल्यम लीला, आणि सोबत वर्षाला तीस डॉलर. राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनचा वार्षिक पगार होता 25,000 डॉलर, म्हणजे या रकमेच्या आठशे पटींहून अधिक.

माझ्या मते या खेळातला सर्वांत थक्क करणारा आकडा हाच आहे. सत्ताधाऱ्यांचा थाटमाट कुठल्याही देशात, कुठल्याही काळात दिसला, तर त्याला जरूर हसा. पण घोडे मोजून थांबू नका. तो थाट कुणाच्या श्रमावर उभा आहे आणि त्या माणसाच्या हाती किती पडलं, हेही विचारा.