दर दोन तासांनी

दीड किलोच्या बाळाला दूध पाजायला किती वेळ लागतो, हे ज्यानं कधी पाजलेलं नाही त्याला सांगून पटत नाही. नवजात बालकांच्या कक्षात परिचारिका म्हणून काम करताना मी हे रोज बघते. आईनं पिळून काढलेलं दूध वाटीत घ्यायचं. बाळाला फडक्यात गुंडाळून, डोकं जरा वर राहील असं मांडीवर घ्यायचं. चमच्याची कड खालच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि थांबायचं. दूध तोंडात ओतायचं नाही, बाळ जिभेनं ओढून घेईल तेवढंच जाऊ द्यायचं. गिळल्याचं दिसलं की पुढचा थेंब. मधेच श्वास अडखळतो, ओठांभोवती निळसर झाक येते. मग चमचा बाजूला, पाठीवरून हात, पुन्हा रंग येईपर्यंत वाट. २० मिली दूध जायला अर्धा तास सहज लागतो. त्यानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. आणि दर दोन तासांनी हे सगळं पुन्हा, रात्रीसुद्धा.

जुळी असली की दुसऱ्याचा अर्धा तास. वाटी-चमचे उकळून होतात, दुपटी बदलून होतात, तोवर पहिल्याची वेळ झालेली असते. जुळी बाळं बरेचदा दिवस भरायच्या आधी येतात आणि वजनाला कमी असतात. त्यामुळे आमच्याकडे अशी जोडी कायम असतेच.

हे काम करत असतानाच मी मेरी स्लेसरविषयी वाचलं. स्कॉटलंडमधली ही मिशनरी बाई १८७६ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आजच्या नायजेरियातल्या कॅलाबारला गेली आणि १९१५ मध्ये तिथेच वारली. तिच्याबद्दल लिहिताना सगळे एक वाक्य हमखास लिहितात: तिनं टाकून दिलेली जुळी मुलं वाचवली. ते वाक्य वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला, त्यांना पाजलं कसं? आईचं दूध बहुतेकदा नाही, कारण आईलाही गावाबाहेर काढलेलं. उबदार पेटी नाही, नळी नाही, वजनकाटा नाही. पावसाळ्यात गळणारं मातीचं घर, डब्यातून आलेलं दूध, आणि माणसं म्हणजे ती आणि तिनं आधी वाढवलेल्या, अजून स्वतःच लहान असलेल्या मुली.

क्रॉस नदीच्या त्या मुलखात जुळं होणं हा अनर्थ समजला जायचा. दोघांतलं एक मूल दुष्ट आत्म्याचं, आणि ते कोणतं हे कळायला मार्ग नाही, म्हणून दोन्ही टाकायची. मातीच्या मडक्यात घालून त्यांना रानात नेऊन ठेवत. आई विटाळलेली, तिला हाकलून देत. आपल्याकडे जोडकेळ खाल्लं की जुळी होतात, असं अजूनही बायका गमतीनं म्हणतात. तिथे जुळ्यांच्या भीतीत गंमत नव्हती. ती भीती खरी होती आणि ती बाळगणारी माणसं दुष्ट नव्हती. स्लेसरनं हे ओळखलं होतं, म्हणून तिचा राग प्रथेवर असायचा, पण शेजारणींशी तिची मैत्री टिकली. एकेंगे गावच्या मुखियाची बहीण मा एमे ही तिची आयुष्यभराची सखी झाली.

१८९५ साली इंग्रज प्रवासिनी मेरी किंग्सली तिच्याकडे पोचली ती नेमकी अशाच एका गोंधळात. एका गुलाम स्त्रीला जुळं झालं होतं. लोकांनी तिची भांडीकुंडी फोडली, कपडे फाडले, दोन्ही बाळं जिनच्या रिकाम्या खोक्यात कोंबली आणि ते खोकं तिच्याच डोक्यावर देऊन तिला रानाकडे पिटाळलं. निरोप मिळताच स्लेसर धावत निघाली. ती वाटेत त्यांना भेटली आणि तिनं खोकं स्वतः घेतलं, कारण दुसरं कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. पण ती घरी सरळ गेली नाही. नेहमीच्या वाटेवरून जुळ्यांची आई गेली, तर ती वाट गावानं कायमची सोडून दिली असती आणि बाजाराला जाणाऱ्यांचे हाल झाले असते. म्हणून नवी पायवाट तोडून होईपर्यंत ती उन्हात थांबली. खोक्यात दोन अर्धमेली बाळं, आणि ही बाई गावाच्या समजुतीचा मान राखत उभी. मला हा प्रसंग तिच्या साऱ्या धाडसांपेक्षा मोठा वाटतो. घाईघाईनं ती पुढे गेली असती, तर त्या दिवशी जिंकली असती आणि गाव हरवून बसली असती.

त्या जोडीतला मुलगा दगावला, मुलगी जगली. तिची आई मात्र सुरुवातीला मुलीपासून दूरच राहिली. तीही त्याच समजुतीत वाढलेली, आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलं आहे असंच तिला वाटत होतं. आमच्या कक्षातही पेटीतल्या बाळाकडे पाठ करून बसलेली आई मी बघते. कारणं वेगळी असतात, बहुधा घरच्यांनी काहीतरी सुनावलेलं असतं. अशा आईला उपदेश करून उपयोग नसतो. बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून लुगडं ओढायचं आणि आपण जवळ बसून राहायचं. या पद्धतीला आम्ही केएमसी म्हणतो, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास ती रुजली. स्लेसरकडे हे शास्त्र नव्हतं, पण मुलं सतत कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असायची.

रात्रीची तिची युक्ती मला फार आवडते. ती तान्ह्या बाळांना झोळ्यांत झोपवायची आणि प्रत्येक झोळीची दोरी आपल्या अंथरुणापर्यंत आणायची. जे मूल रडेल त्याची दोरी पडल्या पडल्या ओढायची. पाळण्याची दोरी आपल्या घराघरांत आहे, इथे एकाच बाईच्या हाताशी अनेक होत्या. आणि हिवतापानं ती स्वतः वर्षानुवर्षं फणफणलेली असायची, हेही लक्षात घ्यायला हवं.

एवढा चिवटपणा कुठून आला, याचं उत्तर मला स्कॉटलंडमधल्या डंडीत सापडतं. जन्म १८४८चा, ॲबर्डीनमधला. वडील चांभारकाम करायचे आणि दारूच्या आहारी गेलेले. कुटुंब डंडीला आलं आणि अकराव्या वर्षी मेरी कापडगिरणीत लागली, अर्धा दिवस यंत्रावर आणि अर्धा दिवस गिरणीच्या शाळेत. चौदाव्या वर्षी ती पूर्ण वेळ विणकर झाली. सकाळी सहापासून माग, तुटलेला धागा लगेच जोडायचा, डोळा चुकवायचा नाही. आपल्या गिरणगावातल्या बायकांना हे आयुष्य वेगळं सांगायला नको. आफ्रिकेत तिनं झगा, बूट, टोपी असला मडमेचा सरंजाम सोडून दिला, स्थानिक अन्न खाल्लं, एफिक भाषा तिथल्यासारखी बोलू लागली. लोकांना याचं नवल वाटतं. गिरणीतल्या मुलीला मडमेचा डौल होताच कुठे?

१८८८ मध्ये ती ओकोयोंग मुलखात एकटी राहायला गेली. तिथल्या तंट्यांत तिचा शब्द चालू लागला, तेव्हा १८९२ मध्ये ब्रिटिशांनी तिला उपवाणिज्यदूताचा अधिकार दिला. साम्राज्याची सत्ता तिच्या हातून त्या मुलखात शिरली, हे खरं आहे आणि मला ते खटकतं. परका साहेब येऊन बसण्यापेक्षा भाषा जाणणारी आपणच बरी, असा तिचा हिशेब होता. तंटे दिवस दिवस चालत आणि ती विणकाम करत ऐकत बसे. एका अधिकाऱ्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती झुलत्या खुर्चीत मांडीवरच्या बाळाला गुणगुणत होती. इतक्यात दारात एक धिप्पाड, उद्दाम राजा आला. तिनं त्याला आपल्याकडे यायची बंदी केली होती. बाळ दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन ती उठली, त्याची मानगूट धरली, कानफटात दिली आणि त्याला अंगणाबाहेर काढलं.

धर्मप्रसाराच्या हिशेबानं तिचं फळ तुटपुंजं होतं. ओकोयोंगमध्ये पंधरा वर्षं काढल्यावर १९०३ साली बाप्तिस्मा घेणारी माणसं मोजकी होती, त्यांतही तिच्याच घरातली मुलं बरीच. तिची श्रद्धा अढळ होती, पण दिवस जायचा तो औषधपाणी, भांडणं, छप्पर आणि दूध यांत. शेजारणींनी पाहिलं की तिनं वाचवून वाढवलेली, जुळ्यातली जेनी मोठी होते आहे, पाणी भरते आहे, लहानांना सांभाळते आहे, आणि घरावर काही कोसळलेलं नाही. कुठल्याही प्रवचनापेक्षा हे बघणंच कामी आलं, असं मला वाटतं. जेनीला ती १८८३ मध्ये स्कॉटलंडलाही घेऊन गेली होती.

सगळी मुलं जगली नाहीत. खोक्यातून आणलेली ती मुलगी, सूझी, घरात लाडाची झाली, आणि एके दिवशी उकळत्या पाण्याचं भांडं अंगावर ओढून घेऊन दगावली. जिला रात्र रात्र जागून वाढवलं, ती अशी गेल्यावर दुसऱ्या दिवशी उठून पुढचं मडकं उचलायला जाणं कसं असतं, याची मला थोडी कल्पना आहे. आमच्या कक्षात एक खाट रिकामी होते, तिच्यावर चादर बदलली जाते, आणि शेजारच्या बाळाची दुधाची वेळ झालेली असते.

मुलं सांभाळून भागत नाही, त्यांच्या आयांनाही ठाव हवा, हे तिला पुढे स्पष्ट दिसू लागलं. नवऱ्याचा किंवा मालकाचा आसरा तुटलेल्या बाईला त्या मुलखात स्वतःचं असं काही उरत नसे. म्हणून साठीच्या उंबरठ्यावर, चालणं जड झालेलं असताना, तिनं यूसे इथे बायकांची वस्ती उभी करायला घेतली: जमीन, झाडं, गुरं, टोपल्या विणणं. दानावर न जगता बाईनं आपल्या हातानं कमवावं, एवढीच तिची मागणी होती. १३ जानेवारी १९१५ ला ती गेली तीही यूसेमध्येच, आणि तेव्हा उशाशी तिनं वाढवलेल्या मुली होत्या.