महासंगणकाची इर्जिक

दिल्लीच्या लोधी रस्त्यावरील मौसम भवनात १९८९ साली ‘क्रे एक्स-एमपी १४’ हा महासंगणक बसविण्यात आला. हवामानाच्या अंदाजासाठी तो अमेरिकेहून आणला होता. भारताने मागितले होते त्याहून शक्तिशाली यंत्र. परंतु ते देण्यास अमेरिका राजी झाली नाही. एवढी शक्ती हवी कशाला, असे आपणांस वाटेल. पण उद्याच्या पावसाचे गणित सुटता सुटता परवा उजाडला, तर शेतकऱ्यास त्या उत्तराचा काय उपयोग?

दिल्लीतील त्या यंत्रात एकच अतिवेगवान प्रोसेसर होता. दुसरा मार्ग आपल्या खेड्यांच्या परिचयाचा होता. एखाद्या शेताची नांगरट लवकर उरकावयाची, तर गावातले नांगर एकत्र येतात; त्यास आपण इर्जिक म्हणतो. तसेच अनेक लहान प्रोसेसर एकाच गणितास जुंपणे, हे झाले समांतर संगणन. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ साली ‘फ्लोसॉल्व्हर’ बांधून ही वाट धरली होती. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे जन्मगाव. डॉक्टरेट दिल्लीच्याच आयआयटीची. त्यांच्या चमूने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यातील ‘ट्रान्सप्यूटर’ या प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या होत्या.

खरी कसोटी होती ती आज्ञावली लिहिण्याची. समजा, देशावरील आकाशाचे चौकोन पाडले आणि एकेक चौकोन एकेका प्रोसेसरला वाटून दिला. पण वारा हद्द पाळीत नाही! एका चौकोनातील वारा शेजारच्या चौकोनात शिरतो. म्हणून गणिताच्या प्रत्येक पायरीस शेजाऱ्याला निरोप द्यावा लागतो. एक प्रोसेसर रेंगाळला, की बाकीचे खोळंबतात. वाटणी समान हवी आणि निरोप थोडके हवेत. ते न साधले, तर प्रोसेसर वाढवूनही वेग वाढत नाही.

दिल्लीशेजारी नोएडा येथील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात २०२४ साली ‘अरुणिका’ हा महासंगणक सुरू झाला. त्याची कमाल क्षमता ८.२४ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदास ८ हजार लाख कोटींहून अधिक गणिते. त्याच वर्षी सी-डॅकचा ‘परम रुद्र’ दिल्ली, पुणे व कोलकाता येथे कामास लागला. हे सारे संगणक इर्जिकीच्याच तत्त्वावर चालतात. पावसाचा अंदाज ऐकून आपण पेरणीचा विचार कराल, तेव्हा त्यामागे असंख्य प्रोसेसरांनी वेळेत उरकलेली ही नांगरट असेल.