सारख्या रांगांत न बसणारी संख्या

श्रोतेहो, डिंगोऱ्याच्या वाफ्यात कांद्याची 12 रोपे तीन-तीनच्या चार ओळींत बसतात. 31 रोपे मात्र एका सरळ ओळीवाचून सारखी बसत नाहीत. अशा संख्येस मूळ संख्या म्हणतात.

पाच दोनांचा गुणाकार 32. त्यातून एक वजा केला की 31. पाचाऐवजी 2, 3, 7 घ्या. 3, 7, 127 येतात. सगळ्या मूळच! नियम सापडला म्हणाल, तर थांबा. 11 घेतल्यास 2047 येते, आणि ती 23 गुणिले 89 आहे.

म्हणून प्रत्येक संख्या पारखावीच लागते. 2024 साली 13,62,79,841 दोनांच्या गुणाकारातून एक वजा करून मिळालेली संख्या मूळ ठरली. तिचे अंक 4,10,24,320. सेकंदाला एक लिहिला तरी सव्वा वर्ष पुरायचे नाही.

गुरुजी, मुलांना 2047 फोडायला द्याच. चार उदाहरणे जुळली म्हणजे सिद्धता झाली नव्हे, हे त्यांना आपोआप कळेल.